आधी घोंगडी, मग वंशावळ: मुलांना ग्रीक पुराणकथा सांगताना

ग्रीक पुराणकथा मुलांना सांगायच्या म्हटलं की बहुतेक पालक आधी पुस्तक शोधायला लागतात. पुस्तक लागेलच, पण नंतर. पहिल्या रात्री घरात हवी एक घोंगडी, नसेल तर जाडसर ब्लँकेट, आणि थोडा अंधार. या कथा लिहून ठेवल्या जाण्याआधी कित्येक पिढ्या तोंडी चालत आल्या. होमरच्या नावावर असलेली ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही महाकाव्यंसुद्धा ऐकणाऱ्यांसाठी रचलेली. श्रावणात हातात अक्षता घेऊन आजीसमोर कहाणी ऐकायला बसलेल्या कुणालाही या कथांचा सूर परका वाटणार नाही.

मी स्वतः सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. मुलगी सात वर्षांची होती. एक देखणं सचित्र पुस्तक आणलं आणि त्यातल्या क्रमाने निघाले: आधी केऑस, मग गाया, मग युरेनस, मग बारा टायटन, मग त्यांची मुलं. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, “आई, यात गोष्ट कधी सुरू होणार?” तिचं बरोबर होतं. महाभारत सांगताना आपण चंद्रवंशाच्या वंशावळीपासून थोडंच सुरू करतो! लाक्षागृह सांगतो, बकासुर सांगतो. नाती मागाहून आपोआप कळत जातात. पुढे भाच्यांना आणि सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगताना मी क्रम बदलला. तोच इथे देते आहे.

पहिली रात्र एकडोळ्या राक्षसाची

सुरुवात पॉलिफेमसपासून करा. या गोष्टीला देवांची ओळख लागत नाही, नावं दोनच, आणि गुहा, मेंढ्या, राक्षस, युक्ती हे सगळं मुलांच्या ओळखीचं. ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला ओडिसियस बारा साथीदारांसह एका गुहेत शिरतो. आत टोपल्यांमध्ये चीज रचलेलं, कोकरांचे वेगवेगळे वाडे. संध्याकाळी गुहेचा मालक येतो. कपाळावर एकच डोळा असलेला सायक्लॉप्स. तो दारावर एवढी मोठी शिळा लावतो की ती कुणाला हलवता येणार नाही.

इथे आवाज खाली आणा. राक्षस दोघांना उचलतो आणि खातो. सकाळी आणखी दोघांना. हे वाक्य लांबवू नका आणि गाळूही नका. सहा-सात वर्षांच्या मुलांना ते झेपतं, कारण युक्ती येणार हे त्यांना ठाऊक असतं. ओडिसियस त्याला कडक द्राक्षमद्य पाजतो. राक्षस खूश होऊन नाव विचारतो, आणि ओडिसियस सांगतो, “माझं नाव कोणी-नाही.”

मूळ ग्रीकमधला हा श्लेष मराठीत सुरेख उतरतो. राक्षस झोपल्यावर ऑलिव्हच्या लाकडाचं तापवलेलं टोक त्याच्या डोळ्यात खुपसतात. तो किंचाळतो, शेजारचे सायक्लॉप्स धावत येऊन बाहेरून विचारतात, “काय झालं? कोणी मारतंय का तुला?” आतून उत्तर येतं, “कोणी-नाही मारतोय मला!” शेजारी म्हणतात, “कोणी नाही मारत, तर ओरडतोस कशाला?” आणि घरी जातात. पहिल्यांदा ‘कोणी-नाही’ सांगताना दोन्ही शब्द जोडून, सावकाश म्हणा आणि क्षणभर थांबा. दुसऱ्यांदा झरझर म्हणा. मुलांना गंमत कळते ती त्या थांबण्यामुळे. समजावून सांगितलीत तर मजा गेली.

आता घोंगडी काढा. सकाळी चरायला निघालेल्या मेंढ्यांच्या पोटाखाली चिकटून ओडिसियस आणि त्याची माणसं सुटतात, कारण आंधळा राक्षस प्रत्येक मेंढीची फक्त पाठ चाचपतो. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, त्याला दारात बसवा. बाकीच्यांनी घोंगडी पांघरून रांगत त्याच्यासमोरून जायचं. तो फक्त पाठीवरून हात फिरवणार. सगळ्यात शेवटी सगळ्यात मोठा मेंढा येतो, आणि राक्षस त्याला विचारतो, “तू तर नेहमी सगळ्यांच्या पुढे असतोस, आज मागे का रे? धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला?” माझ्याकडे राक्षस झालेला भाचा हे वाक्य म्हणता म्हणता रडवेला झाला होता. राक्षस आणि ओडिसियस, दोघांचंही दुःख एकाच गोष्टीत पाहायला मिळालं, आणि त्यावर मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

गोष्ट इथे संपत नाही. गलबत सुटल्यावर ओडिसियसला राहवत नाही, तो मागे वळून ओरडून आपलं खरं नाव सांगतो. पॉलिफेमस असतो समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. तो बापाला शाप द्यायला सांगतो, आणि ओडिसियसचं घर आणखी दुरावतं. ट्रॉयहून घरी पोचायला त्याला दहा वर्षं लागतात, त्याचं हे एक मोठं कारण. अशा वागण्याला ग्रीक लोक ‘ह्युब्रिस’ म्हणत. इंग्रजी पुस्तकं त्याचा अर्थ ‘गर्व’ असा देऊन मोकळी होतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द कहाणीतच आहे: “उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.” ओडिसियस उतला-मातला. इतकं म्हटलं की आजीकडून कहाण्या ऐकलेल्या मुलाला सगळं कळतं.

पुढचा क्रम

आठवड्यातून एक गोष्ट पुरे. पॉलिफेमसनंतर मी डीडलस आणि इकॅरस घेते: मेणाने जोडलेले पंख, बापाची ताकीद आणि उंच उंच जाणारा मुलगा. तो जिथे पडला त्या समुद्राजवळच्या इकारिया बेटावर आजही लोक राहतात, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. मग हात लावेल ते सोनं होण्याचा वर मागणारा राजा मिडास. मग धान्याची देवी डिमीटर आणि पाताळात नेलेली तिची लेक पर्सेफोनी. मग पर्सियस, मग थीसियस. इतकं झालं की मुलं स्वतःच विचारू लागतात, “हा झ्यूस नक्की कोण? याचा भाऊ कोण?” तेव्हा ऑलिम्पस पर्वतावरच्या देवांचं आणि त्यांच्या राजाचं, झ्यूसचं, कुटुंब मांडा आणि झ्यूसचा बाप क्रोनस याने स्वतःची मुलं गिळल्याची गोष्ट सांगा. झ्यूसऐवजी कापडात गुंडाळलेला दगड गिळायला दिला, यावर मुलं खदखदून हसतात. हीच वंशावळ पहिल्या दिवशी नकोशी वाटली होती.

मिडासबद्दल एक सांगायलाच हवं. हात लावला आणि लाडकी मुलगी सोन्याची झाली, हा प्रसंग प्राचीन कथेत नाहीच. तो अमेरिकन लेखक नॅथॅनियल हॉथॉर्नने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी घातला. रोमन कवी ओव्हिडच्या सांगण्यात सोनं होतं ते अन्नाचं आणि पेयाचं, आणि राजा भुकेने कासावीस होऊन देवाला शरण जातो. त्यानंतरचा भाग मात्र बहुतेक पुस्तकं गाळतात. संगीताच्या स्पर्धेत चुकीचा कौल दिला म्हणून संगीताचा देव अपोलो मिडासला गाढवाचे कान देतो. हे गुपित फक्त न्हाव्याला ठाऊक. त्याला ते पोटात ठेवता येत नाही, म्हणून तो जमिनीत खड्डा करून त्यात कुजबुजतो आणि माती लोटतो. तिथे बोरू उगवतात आणि वाऱ्यावर तेच सांगत सुटतात. मुलांना सोन्यापेक्षा हा भाग जास्त आवडतो. हॉथॉर्नची मुलगी सांगायची तर सांगा, पण ती नंतरची भर आहे हेही सांगा.

हेराक्लीसची बारा कामं आठव्या-नवव्या वर्षी, तुकड्या-तुकड्यांनी. ट्रॉयचं युद्ध दहा-अकरानंतर. मेलेल्या बायकोला परत आणायला निघालेल्या ऑर्फियसची गोष्ट ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल तिथे जरा थांबून. नकळत बापाला मारणारा ईडिपस आणि स्वतःच्या मुलांना मारणारी मिडीया यांच्या गोष्टी तेरा-चौदापर्यंत सोडून द्या. तोवर त्या समजतही नाहीत.

नावांची भीती

एका गोष्टीत नवी नावं तीनपेक्षा जास्त नकोत. पॉलिफेमसच्या गोष्टीत बारा साथीदारांची नावं सांगून काहीच साधत नाही. मराठीत ही नावं बहुधा इंग्रजीतून येतात, म्हणून एका पुस्तकात ‘हर्मिस’ तर दुसऱ्यात ‘हर्मीझ’ दिसेल. घरात एक उच्चार ठरवा आणि तोच वापरा. कुठला बरोबर याच्या वादात गोष्ट थांबवू नका.

खरा गोंधळ होतो तो ग्रीक आणि रोमन नावांचा. रोमनांनी ग्रीक कथा उचलून आपल्या देवांना जोडल्या. म्हणून झ्यूसचा ज्युपिटर, हेराची जुनो, पोसायडनचा नेपच्यून, अथीनाची मिनर्व्हा, हर्मिसचा मर्क्युरी, अफ्रोडायटीची व्हीनस, एरीसचा मार्स, हेराक्लीसचा हर्क्युलस आणि ओडिसियसचा युलिसिस. या जोड्या एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शाळेत ग्रह शिकलेल्या मुलाला अर्धी नावं आधीच ओळखीची निघतात. बुध ते शनी या ग्रहांना आपल्याकडे जुनी नावं आहेत, कारण ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. युरेनस (१७८१) आणि नेपच्यून (१८४६) दुर्बिणीनंतर सापडले. प्रजापती आणि वरुण ही नावं मराठीत दिली गेली खरी, पण रोजच्या बोलण्यात युरोपातून आलेलीच राहिली.

प्लूटोची हकिगत मुलांना नक्की सांगा. १९३० मध्ये तो सापडला तेव्हा हे नाव सुचवलं इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. तिला या कथा आवडायच्या. दूरच्या, अंधाऱ्या जगाला पाताळाच्या राजाचं नाव शोभेल असं तिला वाटलं. पुढे त्याच्या चंद्रांची नावंही त्याच प्रदेशातून आली: मृतांना नदीपार नेणारा नावाडी कॅरॉन, पाताळातली नदी स्टिक्स, दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा केर्बेरॉस.

हातात काहीतरी द्या

पर्सेफोनीच्या रात्री डाळिंब आणा. डाळिंब मुलांनीच सोलावं, दाणे मोजावेत. पाताळात तिने किती दाणे खाल्ले? डिमीटरच्या प्राचीन स्तोत्रात एकच दाणा आहे. ओव्हिड सात सांगतो. आजच्या बऱ्याच पुस्तकांत सहा आहेत, कारण सहा दाणे म्हणजे सहा महिने हा हिशेब सोपा पडतो. स्तोत्रात मात्र ती वर्षाचा एक तृतीयांश भाग खाली आणि दोन तृतीयांश वर, आईजवळ राहते. एकाच गोष्टीची तीन रूपं मुलांसमोर ठेवली की ‘खरी गोष्ट कुठली’ हा प्रश्न येतो. रामायणाची रूपंही अशीच अनेक आहेत, हे त्यांना त्याच वेळी सांगता येतं.

या गोष्टीत आपल्या मुलांना एक अडचण येते, आणि ती हमखास येते. पुस्तकात लिहिलेलं असतं की लेक पाताळात गेली की आई दुःखी होते, काही उगवत नाही, तोच हिवाळा. मुलगी म्हणाली, “पण हिवाळ्यात तर हुरडा असतो, हरभरा असतो, भाजी स्वस्त असते!” अगदी बरोबर. बर्फाखाली गोठलेला हिवाळा हे उत्तर युरोपातलं चित्र आहे. ग्रीसमध्येही धान्य पेरतात पावसाच्या तोंडावर, शरदात. हिवाळ्यात शेतं हिरवी होतात, पीक हाताशी येतं उन्हाळ्याच्या सुरुवातीला. करपून जाते ती उन्हाळ्यातली जमीन. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की पर्सेफोनीचे खालचे महिने म्हणजे रखरखीत उन्हाळा, जेव्हा बियाणं जमिनीखालच्या रांजणांत पडून असतं. एप्रिल-मे मधलं मराठवाड्यातलं शेत पाहिलेल्या मुलाला हे क्षणात पटतं.

रांजणावरून पँडोराकडे, ग्रीक कथेतल्या पहिल्या बाईकडे, वळता येतं. सगळीकडे ‘पँडोराची पेटी’ म्हणतात, पण इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीने वापरलेला शब्द ‘पिथॉस’, म्हणजे धान्य किंवा तेल साठवायचा मातीचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये सांगताना त्याचा डबा केला आणि तोच जगभर गेला. आपल्याकडे मूळ वस्तूसाठी नेमका शब्द असताना पेटी कशाला? ‘पँडोराचा रांजण’ म्हणा. झाकण निघतं, रोगराई आणि कष्ट बाहेर उडतात, काठाखाली आशा तेवढी अडकून राहते. मग विचारा: आशा आत राहिली हे बरं झालं की वाईट? ती माणसासाठी जपून ठेवली, की माणसापासून कोंडून ठेवली? हेसिअड याचं उत्तर देत नाही. तुम्हीही देऊ नका.

थीसियसच्या गोष्टीला दोऱ्याचं रीळ लागतं. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली क्रीट बेटावर, भूलभुलैयात राहणाऱ्या अर्धा माणूस अर्धा बैल अशा मिनोटॉरच्या पुढ्यात टाकायला पाठवल्या जातात. थीसियस त्यांच्यात सामील होतो, आणि राजकन्या अरिआडनी त्याला भूलभुलैयातून परत येण्यासाठी दोरा देते. खुर्च्या-टेबलांच्या पायांमधून दोरा फिरवत मुलांना अंधारात आत जाऊ द्या आणि दोरा गुंडाळत बाहेर येऊ द्या.

भूलभुलैया काढायलाही शिकवा. रांगोळीत हात बसलेला असेल तर दोन मिनिटांत जमतं. मधोमध अधिकचं चिन्ह. त्याच्या चारही खणांत एकेक काटकोन, कोपरा मध्याकडे आणि दोन्ही हात बाहेरच्या दिशेने. प्रत्येक काटकोनाच्या उघड्या तोंडाशी एक ठिपका. आता अधिकच्या वरच्या टोकापासून कमान काढून उजवीकडच्या लगतच्या टोकाला जोडा. मग डावीकडचं पुढचं मोकळं टोक घ्या, आधीच्या कमानीवरून वळसा घालून उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडा. तिथे ठिपका असेल तर ठिपक्याला. असं एक डावीकडचं, एक उजवीकडचं करत आठ कमानी झाल्या की सात फेऱ्यांचा भूलभुलैया तयार. असाच आराखडा क्रीटमधल्या क्नोसॉस शहराच्या प्राचीन नाण्यांवर आहे. आणि कर्नाटकात हळेबिडूच्या बाराव्या शतकातल्या होयसळेश्वर मंदिरात चक्रव्यूहाचं शिल्प आहे, तेही त्याच जातीचं.

हे सांगितल्यावर माझी मुलगी बोट त्या वाटेवरून फिरवत म्हणाली, “अभिमन्यूला अरिआडनी भेटली नाही.” आत जायचं ठाऊक असलेला पण बाहेर यायचं नसलेला मुलगा आणि हातात दोरा मिळालेला मुलगा तिने स्वतः शेजारी-शेजारी ठेवले. मी वर्षभर बसून विचार केला असता तरी मला हे सुचलं नसतं.

साम्य मुलांना शोधू द्या

तुलना मुलांकडून आली तर ती टिकते. आपण आधीच “झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र” सांगून टाकलं की मूल पुढे झ्यूसकडे पाहतच नाही. बायको पेनेलोपीच्या स्वयंवरासारख्या स्पर्धेत ओडिसियस जुनं धनुष्य वाकवून बारा कुऱ्हाडींमधून बाण सोडतो, तेव्हा द्रौपदी आणि सीता आठवणारच. ऑर्फियस बायकोला आणायला पाताळात जातो तेव्हा सावित्री आठवेल. मात्र तिथे फरकावर रेंगाळा. सावित्री यमाशी बोलत राहते, शब्दांनी जिंकते. ऑर्फियस गाण्याने जिंकतो, पण मागे वळून पाहायचं नाही ही अट पाळू शकत नाही. तो का वळला असेल? दहा मुलं दहा कारणं सांगतात.

‘झ्यूस’ हा शब्द आणि वेदांतला ‘द्यौस्’ एकाच प्राचीन मुळातून आले आहेत, हे मोठ्या मुलांना सांगण्याजोगं आहे. एक चित्रही दाखवण्याजोगं आहे. रोममध्ये व्हॅटिकनच्या संग्रहालयात इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला, एक्झेकियस या कुंभार-चित्रकाराचा घडा आहे. त्यावर ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलिस आणि एजॅक्स चिलखतं घालूनच पट खेळत बसले आहेत. तोंडाजवळ त्यांचे आकडे लिहिलेत: अकिलिसचा ‘टेसारा’, म्हणजे चार, आणि एजॅक्सचा ‘ट्रिया’, म्हणजे तीन. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो ‘ट्रिया’ ऐकून संस्कृत शिकणारं मूल लगेच ‘त्रीणि’ म्हणेल.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी जमल्यास कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात जावं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. रोमन काळातल्या व्यापाराबरोबर ती इथवर आली. पॉलिफेमसच्या बापाला कोल्हापुरात भेटता येतं, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्या यवनांची (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) नावं खांबांवर कोरलेली आहेत, तीही वाटेत पाहता येतील.

आकाशात दोन कुटुंबं

पर्सियसची गोष्ट सांगायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. संध्याकाळी उत्तरेकडे पाच ताऱ्यांचा M दिसतो, ती आपली शर्मिष्ठा. तिच्या आसपास देवयानी, ययाती आणि वृषपर्वा. हेच तारे ग्रीक कथेत कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सियस आणि सेफियस आहेत. सौंदर्याचा तोरा मिरवणारी राणी, खडकाला बांधलेली तिची मुलगी, मुलीला सोडवणारा वीर आणि बाप राजा. चाल करून आलेला सागरी राक्षस म्हणजे आपल्या नकाशातला तिमिंगल. मराठी नावं देणाऱ्यांनी एका राजघराण्याच्या जागी दुसरं राजघराणं बसवलं: तिथे राजा सेफियस, इथे राजा वृषपर्वा. म्हणून एकाच रात्री, एकाच ताऱ्यांवर दोन गोष्टी सांगता येतात. अंधाऱ्या गावी गेलात तर देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो उजेड निघाला सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी.

पर्सियसच्या हातात, जिच्याकडे पाहणारा दगड होतो त्या मेड्युसाचं डोकं असतं, त्या जागी अल्गॉल हा तारा आहे. दर दोन दिवस एकवीस तासांनी तो काही तासांसाठी मंदावतो, कारण त्याचा जोडतारा त्याच्या पुढून जातो. वही घेऊन रोज त्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना लिहिली तर मुलांना मेड्युसाचा डोळा मिटलेला पकडता येतो.

अवघड जागा

या कथांत खून आहेत, फसवणूक आहे, आणि देव बायकांना पळवून नेतात. माझा नियम एकच: गाळा, पण बदलू नका. सहा वर्षांच्या मुलाला एखादा भाग सांगितला नाही तर चालतं. खोटा सांगितलात तर बाराव्या वर्षी त्याला खरं सापडेल, आणि मग तो तुम्हाला पुढचं काही विचारणार नाही.

पाताळाचा राजा हेडिस याने पर्सेफोनीला नेलं, ते प्रेम म्हणून सजवू नका. “त्याने तिला विचारलं नाही. तिच्या आईलाही विचारलं नाही” एवढं पुरतं. हेराक्लीसला बारा कामं का करावी लागली? “वेडाच्या भरात त्याच्या हातून घरच्या माणसांचा भयंकर घात झाला, त्याचं हे प्रायश्चित्त.” हे खरं आहे, आणि तपशील पुढे येऊ शकतो. झ्यूसच्या प्रकरणांबद्दल “झ्यूस अनेकदा चुकीचं वागला, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा दुसऱ्यांना भोगावी लागली” असं सरळ सांगा. हेराला नुसती भांडखोर बायको करून टाकणाऱ्या पुस्तकांपासून मुलांना दूरच ठेवा. मेड्युसाची दोन रूपं आहेत. हेसिअडच्या सांगण्यात ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, जन्मतःच तशी. ओव्हिडने सांगितलेलं रूप, ज्यात देवळात तिच्यावर अत्याचार होतो आणि शिक्षाही तिलाच मिळते, ते मोठ्या मुलींशी नीट बसून बोलण्याचं आहे. लहानांना हेसिअडचं रूप सांगितलंत तर तुम्ही काही बदललेलं नसतं. अधिक जुनी कथाच सांगितलेली असते.

आणि एक दिवस प्रश्न येतो, “आई, हे देव खरे आहेत का?” लगेच दुसरा, “मग आपला गणपती?” हसण्यावारी नेऊ नका. मी सांगितलं, त्या काळच्या लोकांसाठी ते देव होते. ते नवस बोलायचे, नैवेद्य दाखवायचे. अथेन्सच्या बायका अथीनेसाठी नवं वस्त्र विणायच्या आणि उत्सवात मिरवणुकीने तिला नेऊन अर्पण करायच्या, आपण देवीला साडी नेसवतो तसं. आज ग्रीसमधले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण गोष्टी राहिल्या. आपल्या घरात आपण काय मानतो ते तुमच्या घराप्रमाणे सांगा. त्यांच्या देवांची टिंगल तेवढी होऊ देऊ नका.

आता त्यांना सांगू द्या

पाच-सहा गोष्टी झाल्या की एका मुलाला आजीला किंवा धाकट्या भावंडाला गोष्ट सांगायला बसवा. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना, मराठीतच. शाळेत त्यांनी हे सगळं इंग्रजीत वाचलेलं असतं. ‘कोणी-नाही’ मात्र आजीला हसवतो. मूल चुकलं तर मधे टोकू नका. पर्सियसच्या हाती भाला आला तर येऊ द्या. याच सुमारास पुस्तक हातात द्या. आता वंशावळीचं पान ते स्वतः उघडेल.

एक गोष्ट मी नेहमी शेवटी ठेवते. ओडिसियस वीस वर्षांनी इथाकाला परततो. राजवाडा आपल्या बायकोच्या मागे लागलेल्या उर्मट लोकांनी भरलाय, म्हणून त्याने भिकाऱ्याचं सोंग घेतलंय. त्याला कुणी ओळखत नाही. अंगणाच्या दाराशी शेणाच्या ढिगावर एक म्हातारा कुत्रा पडलाय, गोचिडांनी भरलेला. आर्गोस. निघण्याआधी ओडिसियसने स्वतः वाढवलेलं पिल्लू. त्याच्यात उठण्याची ताकद नाही, पण आवाज ऐकून तो कान पाडतो आणि शेपूट हलवतो. ओडिसियस त्याच्याजवळ जाऊ शकत नाही, गेला तर सोंग उघडं पडेल. तो तोंड फिरवतो आणि बरोबरच्या माणसाला दिसू न देता डोळे पुसतो. तो आत जातो, आणि इकडे आर्गोस प्राण सोडतो. वीस वर्षं वाट पाहिली होती, धनी दिसला.

हे सांगताना आवाज सावकाश ठेवा. शेपूट हलवण्यापाशी थांबा. त्या रात्री दुसरी गोष्ट मागितली तरी सांगू नका, प्रश्न विचारू नका, दिवा मालवा आणि थोडा वेळ तिथेच बसून राहा.